बोरेगो स्प्रिंग्ज: गोल्फची हिरवळ, लिंबाच्या बागा आणि एकच भूजलसाठा

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात बोरेगो स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. वस्ती जेमतेम तीन हजार, रस्त्यांवर एकही सिग्नल नाही, चहूबाजूंनी अॅन्झा-बोरेगो हे राज्य उद्यान. हिवाळ्यात इथे लोक येतात ते गोल्फसाठी, काळ्याभोर आकाशातले तारे बघण्यासाठी आणि पाऊस चांगला झाला तर वाळवंटात फुलणाऱ्या रानफुलांसाठी. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गाव निम्मंअधिक रिकामं होतं.

या गावाने आपला भूजल उपसा दोन तृतीयांशाहून अधिक कमी करायचा निर्णय कसा घेतला आणि त्यात गोल्फ मैदानांच्या वाट्याला काय आलं, याचा हा अभ्यास आहे. संबंधित मैदानं, शेतं आणि मालक यांची नावं दिलेली नाहीत. सार्वजनिक संस्था आणि न्यायालयीन टप्पे जसे आहेत तसे दिले आहेत.

## पार्श्वभूमी

गावात वर्षाला सरासरी पाच-सहा इंच पाऊस पडतो. कालवा नाही, धरण नाही, बाहेरून पाणी आणणारी वाहिनीही नाही. घरं, हॉटेलं, लिंबाच्या आणि ग्रेपफ्रूटच्या बागा, ताडाच्या रोपवाटिका, गोल्फ मैदानं, सगळं एकाच जलधरावर, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या थरांवर, चालतं. पुनर्भरण होतं ते मुख्यतः कोयोटी क्रीक आणि आजूबाजूच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळांच्या पुरातून, तेही काही वर्षांतून एकदा भरघोस आणि बाकीच्या वर्षी नाममात्र.

दुसऱ्या महायुद्धानंतर वीज आली आणि मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू झाला. आधी द्राक्षांचे मळे आले. १९६०च्या दशकात शेतमजुरांच्या संपानंतर ते मोडले आणि पुढे लिंबूवर्गीय बागांनी जागा घेतली. १९५०च्या दशकापासून निवृत्तांच्या वसाहतींसोबत गोल्फ मैदानंही येत गेली. अलीकडच्या काळात उपशाचं ढोबळ प्रमाण असं होतं: शेती ७० टक्के, गोल्फ २० टक्के, घरगुती आणि इतर १० टक्के.

हे प्रमाण लक्षात ठेवावं. बाहेरून पाहणाऱ्याला डोळ्यांत भरतं ते वाळवंटातलं हिरवंगार मैदान, आणि दोष त्याच्या माथी मारणं सोपं असतं. पण सगळी मैदानं एका रात्रीत बंद केली असती तरी या खोऱ्यातली तूट भरून निघाली नसती.

## समस्या

इथलं मोजमाप एकर-फुटात होतं. एक एकर-फूट म्हणजे सुमारे १२.३ लाख लिटर. खोऱ्याची शाश्वत मर्यादा, म्हणजे साठा न घटवता दरवर्षी उपसता येईल असं पाणी, सुरुवातीला ५,७०० एकर-फूट धरली गेली. आपल्या भाषेत ते जेमतेम पाव टीएमसी. आणि सर्व वापरकर्त्यांचे पुढे मान्य झालेले मूळ वाटे मिळून भरत होते सुमारे २४,००० एकर-फूट, म्हणजे एक टीएमसीपेक्षा थोडं जास्त. घालायला एक आणि काढायला चार, असा हा कागदावरचा हिशेब.

काही दशकांत खोऱ्याच्या उत्तर भागातली पाणीपातळी शंभर फुटांहून अधिक खाली गेली. त्याचे परिणाम तीन प्रकारे जाणवतात.

पहिला विजेचा. एक एकर-फूट पाणी एक फूट उचलायला सैद्धांतिक १.०२ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १.७ युनिट. पातळी शंभर फूट खाली गेली की प्रत्येक एकर-फुटामागे १७० युनिट जादा. वर्षाला ५०० एकर-फूट वापरणाऱ्या मैदानाला हा बोजा ८५,००० युनिटचा पडतो, आणि त्या बदल्यात पाण्याचा एक थेंबही जास्त मिळत नाही.

दुसरा विहिरींचा. इथल्या जलधराचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन थर मानले जातात. वरचा थर सर्वात उदार. तो कोरडा पडत गेला की बोअर खोल नेता येते, पण खालचा थर पाणी सोडायला कंजूष असतो. त्यामुळे खोली वाढवूनही आधीचा प्रवाह मिळत नाही.

तिसरा पाण्याच्या प्रतीचा. खोल पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक वाढण्याची भीती असते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली तर शुद्धीकरण यंत्रणा उभारावी लागते, आणि तीन हजार वस्तीच्या, उत्पन्नाने दुर्बळ म्हणून नोंद असलेल्या गावाला तो खर्च पेलणारा नाही. गोल्फच्या गवताला या आर्सेनिकचं काही सोयरसुतक नाही. गावातल्या नळाला मात्र आहे.

## निर्णयाला भाग पाडणारा कायदा

२०१४ साली कॅलिफोर्नियाने शाश्वत भूजल व्यवस्थापन कायदा केला. बोरेगोचं खोरं ‘गंभीर अतिउपशाचं’ ठरलं. अशा खोऱ्यांना जानेवारी २०२० अखेर आराखडा द्यायचा होता आणि २०४० पर्यंत समतोल गाठायचा होता. स्थानिकांना जमलं नाही तर राज्य हस्तक्षेप करणार, ही तलवार डोक्यावर होतीच. गावाची पाणीपुरवठा संस्था, म्हणजे बोरेगो वॉटर डिस्ट्रिक्ट, आणि सॅन डिएगो काउंटी यांनी मिळून आराखड्याचं काम हाती घेतलं.

## कोणते पर्याय होते

बाहेरून पाणी आणणं. कोलोरॅडो नदीचं पाणी वापरणारे प्रदेश नकाशावर फार दूर नाहीत. केंद्रीय जलविकास खात्याच्या मदतीने याचा अभ्यासही झाला. पण वाहिनी, उचल, पाण्याचा हक्क आणि उद्यानाच्या जमिनीतून मार्ग, हे सगळं मिळून खर्च गावाच्या आवाक्याबाहेर जात होता. हा पर्याय लवकर बाद झाला ते बरंच झालं. कुठल्याही टंचाईग्रस्त भागात ‘बाहेरून पाणी येईल’ ही आशा कपात पुढे ढकलायला पुरेशी असते.

सांडपाणी पुन्हा वापरणं. वाळवंटातल्या मोठ्या गोल्फनगरांमध्ये हा सरळ उपाय असतो. इथे बहुतेक घरांना शोषखड्डे आहेत. प्रक्रिया केंद्र लहान आहे आणि तिथे जमणारं पाणी एका मैदानाची गरजही भागवणार नाही. शिवाय ते पाणी आजही जमिनीतच मुरतं. ते मैदानावर फवारलं तर खोऱ्याच्या हिशेबात नवीन काहीच जमा होत नाही.

संस्थेने थेट कपात लादणं. हा कायद्यातला सरळ मार्ग. अडचण अशी की हा कायदा पाण्याचे मूळ हक्क बदलत नाही. जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क आधीचा, आणि पाणीपुरवठा संस्थेचा हक्क वेगळ्या प्रकारचा. सरसकट टक्केवारीने कपात लादली की कोणीतरी न्यायालयात जाणार, आणि भूजल हक्कांचे खटले तिथे दशकानुदशकं चालतात.

तडजोडीने न्यायालयीन हुकूमनामा. २०१५च्या सुधारणेनुसार निम्म्याहून अधिक पक्षकार आणि आधीच्या पाच वर्षांतल्या उपशापैकी किमान ७५ टक्के उपसा करणारे सहमत असले, तर त्यांच्या तडजोडीला न्यायालय सर्वांवर बंधनकारक करू शकतं. बोरेगोत मोठे उपसेकरी थोडेच होते, त्यामुळे ७५ टक्क्यांचा आकडा गाठणं शक्य होतं. हाच मार्ग निवडला गेला.

त्याची किंमतही होती. वाटाघाटी बंद दाराआड झाल्या. आराखड्याच्या जाहीर सभांना बसणाऱ्या भाडेकरूंना आणि हॉटेल-बागांत काम करणाऱ्यांना, ज्यांत स्पॅनिश बोलणारे बरेच, शेवटी तयार मसुदाच पाहायला मिळाला.

## काय केलं गेलं

जानेवारी २०२०च्या मुदतीत तडजोडीचा मसुदा आणि भूजल व्यवस्थापन आराखडा राज्याकडे गेला. काउंटी त्याआधीच व्यवस्थापन संस्थेच्या भूमिकेतून बाहेर पडली होती. ८ एप्रिल २०२१ला ऑरेंज काउंटीच्या न्यायालयाने हुकूमनामा दिला. त्यानुसार ‘वॉटरमास्टर’ हे पाच जणांचं मंडळ नेमलं गेलं: पाणीपुरवठा संस्था, काउंटी, शेती, गोल्फ आणि गावकरी यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी.

व्यवस्थेचे मुख्य भाग असे:

- प्रत्येक उपसेकऱ्याला मूळ वाटा मिळाला. त्याचा आधार २०१० ते २०१४ या पाच वर्षांतला त्याचा सर्वाधिक वार्षिक वापर.
- हा वाटा पहिल्या टप्प्यात दरवर्षी मूळच्या पाच टक्क्यांनी घटतो आणि २०४० मध्ये सगळ्यांची बेरीज शाश्वत मर्यादेवर येते.
- वर्षाला दोन एकर-फुटांपर्यंत घरगुती उपसा करणाऱ्यांना सूट. बाकी प्रत्येक बोअरला मीटर सक्तीचा.
- वाटा विकता येतो, भाड्याने देता येतो आणि न वापरलेला काही भाग पुढच्या वर्षी नेता येतो.
- शेताचा वाटा कायमचा विकला तर ते शेत ठरलेल्या पद्धतीने पडीक करावं लागतं. झाडं काढणं, सिंचनाचं साहित्य उचलणं, निकामी बोअर नीट बुजवणं, धूळ उडणार नाही अशी जमीन झाकणं, हे सगळं त्यात येतं.

मूळ वाट्याचा मुद्दा जरा उलगडून पाहू. एकाचं सर्वाधिक वापराचं वर्ष २०११, दुसऱ्याचं २०१३. अशा वेगवेगळ्या वर्षांचे कमाल आकडे एकत्र केले की बेरीज कोणत्याही एका वर्षाच्या खऱ्या उपशापेक्षा जास्त भरते. म्हणजे पहिल्या काही वर्षांची कपात बरीचशी कागदी पाण्यावर झाली. सह्या मिळवायला हे वंगण लागलं, हे खरं. पण ज्याने त्या पाच वर्षांत बेफाम उपसा केला त्याला मोठा वाटा मिळाला, आणि ज्याने आधीच काटकसर केली त्याच्या हाती लहान आकडा आला, हेही तितकंच खरं.

## एका मैदानाचा हिशेब

खाली १८ होलच्या नमुना मैदानाचं गणित आहे. आकडे एका विशिष्ट मैदानाचे नाहीत. इथल्या हवामानाला लागू पडणाऱ्या नियमांनी ते काढले आहेत.

गवताचं क्षेत्र ९० एकर, तळी ३ एकर. या पट्ट्यात वर्षभराचं संदर्भ बाष्पोत्सर्जन, म्हणजे प्रमाण मानलेलं गवत आणि त्याखालची माती मिळून हवेत सोडतात ते पाणी, सुमारे ७२ इंच, म्हणजे ६ फूट. उन्हाळी हरळी आणि हिवाळी राय गवत मिळून वार्षिक गुणांक (संदर्भाच्या तुलनेत या गवताला लागणारा हिस्सा) ०.६५ धरला तर गवताची निव्वळ गरज ३.९ फूट. तुषार संचाची कार्यक्षमता ७५ टक्के, म्हणून सोडावं लागणारं पाणी एकरी ५.२ फूट. ९० एकरांना ४६८ एकर-फूट, वर तळ्यांचं बाष्पीभवन २०. एकूण साधारण ४९०. हाच त्याचा मूळ वाटा समजू.

२०४०ला त्याला किती मिळणार? ५,७०० भागिले २४,००० म्हणजे २४ टक्के: ११८ एकर-फूट.

आता कपात कशी होते ते क्रमाने.

तुषार संच सुधारणं. मैदानावर ठरावीक अंतराने डबे ठेवून कुठे किती पाणी पडतं ते आधी मोजायचं. बुडालेली किंवा कललेली तुषार मुंडकी सरळ करायची, झिजलेले नोझल एका पट्ट्यात सगळे एकदम बदलायचे, दाब मुंडक्यापाशी तपासायचा. कार्यक्षमता ७५ वरून ८५ टक्क्यांवर गेली तर एकरी गरज ४.६ फुटांवर येते. वाचले ५५ एकर-फूट. चांगलं काम, पण कपात ११ टक्केच. नवा नियंत्रक आणि ओलाव्याचे सेन्सर घेतले की प्रश्न सुटला, असं समजणारी मैदानं इथेच फसतात. शिवाय क्षारयुक्त पाणी देणाऱ्या ठिकाणी अधूनमधून जादा पाणी सोडून क्षार खाली ढकलावे लागतात. ते टाळलं की दोन-तीन वर्षांत गवत पट्ट्यापट्ट्याने जळू लागतं.

गवत काढणं. खेळात क्वचित येणारा ३० एकर रफ, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत, काढला आणि तिथे ठिबकवर वाळवंटी झुडपं लावली, त्यांना एकरी अर्धा फूट दिलं, तर १२० ते १२५ एकर-फूट वाचतात. सर्वात मोठी बचत हीच, आणि चुकाही इथेच सर्वाधिक होतात.

हरळी मारणं किती जिकिरीचं असतं ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पाणी तोडून ती सुकते, मरत नाही. ती जोमात वाढत असताना, उन्हाळ्यात पाणी देऊन तणनाशक मारावं लागतं, पुन्हा फुटली की पुन्हा. घाईने हिवाळ्यात फवारून वर खडी टाकली तर पुढच्या मे महिन्यात खडीतून हिरवे कोंब वर येतात. दुसरी चूक तुषार मुंडक्यांची: कडेचं गवत गेलं तरी पूर्ण गोल फिरणारी मुंडकी तशीच राहतात आणि निम्मं पाणी खडीवर पडतं. कडेला अर्धगोल मुंडकी हवीत. तिसरी मोठ्या झाडांची: रफमधली जुनी झाडं गवताच्या पाण्यावर जगत असतात. त्यांना स्वतंत्र नळी दिली नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात ती वाळतात. चौथी खडीच्या खर्चाची: ३० एकरांवर दोन इंच थर म्हणजे सुमारे ६,२०० घनमीटर, दहा घनमीटरच्या डंपरच्या सहाशेहून अधिक खेपा. म्हणून खडी फक्त खेळाडू चालतात तिथे टाकावी आणि बाकी जागी लाकडाचा चुरा किंवा स्थानिक बियाणं वापरावं.

हिवाळी पेरणी सोडणं. थंडीत हरळी पिवळी पडते, म्हणून ऑक्टोबरमध्ये ती खरवडून राय गवत पेरतात आणि उगवेपर्यंत दिवसातून अनेकदा पाणी देतात. ३० एकर फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या मुख्य पट्ट्यावर, ही पेरणी सोडली तर साधारण ४२ एकर-फूट वाचतात. पण गावाचा हंगाम हिवाळ्याचाच! पैसे भरणारा पाहुणा जेव्हा येतो तेव्हाच फेअरवे तपकिरी दिसणार. काही ठिकाणी गवताला हिरवा रंग मारतात. छायाचित्रात तो खपतो, बुटांना लागला की तक्रारी येतात. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) यांवर पेरणी ठेवून फेअरवे सोडणं, हा त्यातल्या त्यात परवडणारा मध्यममार्ग.

सगळं केलं तरी वापर उरतो साधारण २६८ एकर-फूट. कपात ४५ टक्के. हाती २०४०ला ११८. उरलेली १५० ची तफावत काटकसरीने भरत नाही. एक तर नऊ होल बंद करायचे, नाही तर वाटा विकत घ्यायचा.

आणि विकत घेताना मोठी गफलत होते. आज १५० एकर-फुटांचा वाटा घेतला तर तोही त्याच वेगाने आटत जातो. २०४०ला १५० हातात हवे असतील तर आज १५० भागिले ०.२४, म्हणजे ६२५ एकर-फुटांचा मूळ वाटा लागतो. लिंबाच्या बागेचा वाटा एकरी पाच एकर-फूट धरला तर ती सव्वाशे एकर बाग झाली. आजच्या आकड्यावर किंमत ठरवून व्यवहार करणाऱ्याने पाण्याचा भाव चौपट मोजलेला असतो.

## निष्पत्ती

वाटे विकता येऊ लागल्यावर पाणी बागांकडून गोल्फकडे आणि गावाकडे सरकू लागलं, हे अपेक्षितच होतं. एका एकर-फुटामागे पर्यटनातून मिळणारा पैसा लिंबाला देता येत नाही. पाणीपुरवठा संस्थेलाही शेतीचा वाटा विकत घ्यावा लागला, कारण कपात तिच्याही वाट्याला होती. बागा पडीक होत गेल्या आणि प्रत्यक्ष उपसा परवानगीच्या मर्यादेपेक्षा बराच खाली राहिला. २०२४ मध्ये राज्याने आराखड्याला मान्यता दिली.

ठरल्याप्रमाणे शाश्वत मर्यादेचा फेरविचार झाला आणि भूजलाच्या सुधारित संगणकीय प्रारूपाच्या आधारे ती ५,७०० वरून आठ हजारांच्या जरा खाली नेली गेली. वरच्या नमुना मैदानासाठी याचा अर्थ मोठा आहे. २४ टक्क्यांऐवजी ३३ टक्के, म्हणजे १६२ एकर-फूट. तफावत १५० वरून १०६, आणि विकत घ्यायचा वाटा ६२५ वरून साधारण ३२०. एका आकड्यातल्या बदलाने खरेदी निम्मी झाली. ज्यांनी आधीच्या आकड्यावर घाईने वाटे घेतले आणि जे थांबून राहिले, त्यांचं नफा-नुकसान इथे ठरलं.

पाणीपातळी पूर्ववत झालेली नाही. हुकूमनाम्याने ते मागितलेलंही नाही. २०४० पर्यंत घट चालू राहणं त्यात गृहीत धरलेलं आहे.

पडीक जमिनींचा प्रश्न मात्र अपेक्षेपेक्षा चिवट निघाला. उघड्या शेतांवरून धूळ उडते, आणि मोकळ्या, खणलेल्या मातीत सहारा मोहरी हे परकं तण पसरतं. तेच तण आजूबाजूच्या उद्यानातल्या रानफुलांना दाबून टाकतं, आणि फुलं हा तर गावाचा दुसरा धंदा. खोऱ्याच्या तळाशी मेस्कीटचं जुनं रान आहे, आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या जवळचं झाड. पातळी खाली गेल्यावर तेही बरंचसं वाळलं. उरलेलं रान आज भूजलावर जगतंय की वरच्या ओलाव्यावर, यावर वाद होत राहिला.

## वेगळं काय करता आलं असतं

कमाल वर्षाऐवजी पाच वर्षांची सरासरी धरली असती तर कागदी पाणी कमी झालं असतं आणि कपात पहिल्या दिवसापासून बोचली असती. सह्या कदाचित उशिरा मिळाल्या असत्या. आमच्या मते निदान न वापरलेला वाटा पुढे नेण्यावर तरी सुरुवातीच्या वर्षांत कडक मर्यादा हवी होती, कारण तेव्हाचा ‘उरलेला’ वाटा हा बचतीतून आलेला नव्हता.

मीटर आधी बसायला हवे होते. २०१० ते २०१४ मधला बराच वापर पिकाच्या क्षेत्रावरून अंदाजे काढावा लागला, आणि पुढच्या प्रत्येक वाटपाचा पाया तो अंदाज झाला.

पडीक जमिनीचे नियम एकदाच करायच्या कामांवर थांबतात. तण आणि धूळ यांच्यासाठी तीन ते पाच वर्षांची देखभाल विक्रीच्या किमतीतच धरायला हवी होती. विक्री झाल्यावर विकणारा निघून जातो आणि मोहरी गावाच्या वाट्याला येते.

गोल्फच्या बाजूने पाहिलं तर क्रम उलटा हवा होता. बहुतेक मैदानं आधी नियंत्रक बदलतात, मग पेरणी कमी करतात आणि गवत काढण्याचा विषय शेवटी घेतात, कारण सभासद चिडतात. पण गवत काढायला दोन-तीन उन्हाळे लागतात आणि बचत त्यातच सर्वात मोठी. शिवाय कमी क्षेत्रासाठी लागणारा नवा तुषार संचही लहान असतो. आधी ९० एकरांचा संच बदलून नंतर ३० एकरांवरचा उखडणं, हा दुहेरी खर्च टाळता येण्यासारखा आहे.

शाश्वत मर्यादा वर नेण्याच्या निर्णयाकडेही सावधपणे पाहायला हवं. इथलं पुनर्भरण थोड्याच पूरवर्षांवर अवलंबून असतं आणि प्रारूपात कोणती वर्षं येतात त्यावर सरासरी हलते. पुढचा फेरविचार २०३०च्या सुमारास आहे. तोपर्यंत वाटे घेणाऱ्या मैदानाने २४ आणि ३३ टक्के अशा दोन्ही आकड्यांवर हिशेब मांडावा, आणि खरेदी पुरी करण्याआधी निदान नऊ होलचा आराखडा तयार ठेवावा.